पाट्यावरचा शेंदूर

रंभाबाई : हसू नको, डोमा. हा लोटा काठोकाठ भर, मागच्या शिटावर ठेव, अन् तळ्याच्या पारीवरून गाडीची एक चक्कर मारून आण. पानी सांडलं तं पाटे बदलव.

डोमा : सांडंलच ना वो बाई. मोटार आहे ते, पाळणा नाई.

रंभाबाई : मले पाळणाच पायजे. मागच्या हप्त्यात तुह्या याच बाकड्यावर बसून सांगितलं होतं. पुष्पाचे बाबा बाजूलेच होते. ते बी म्हणाले, डोमा, पुष्पाची माय म्हणते तसं कर.

डोमा : म्हणाले होते.

रंभाबाई : मंग?

डोमा : मंग काई नाई. करूनच राहिलो. तू आज येशीन असं भाऊजी बोलले नव्हते.

रंभाबाई : त्यायले ठाऊकच नाई. ते सकाळी भंडाऱ्याले गेले गाडीचे शॉकअप आणाले. मी कारध्याच्या फाट्यावर उभी राहिली, लाखनीची एस.टी. आली, बसली. माहेरच्या गावचा मिस्त्री असल्यावर बाईनं काम पाहाले येऊ नये का?

डोमा : यावं ना. चहा सांगू?

रंभाबाई : चहा मंग. आधी हे सांग, डॉक्टरकडून घेतलेल्या ह्या जुन्या अँबेसिडरनं माही पोट्टी लाखांदुराहून कारध्यापर्यंत सुखानं येईन का?

डोमा : गाडी दणकट आहे.

रंभाबाई : दणकट तं रोडवरचा रोलर बी राह्यते. दोन वेळा गेलं गा तिचं. दुसऱ्या वेळेस तं इहिणीनं, तिच्या सासूनं, बैलाच्या खासरात टाकून दवाखान्यात नेली, अन् अर्ध्या रस्त्यातच... जाऊ दे. आता सातवा लागला. डॉक्टरीणबाई म्हणते, धक्का लागू देऊ नका. तिले म्हणाले काय जाते. लाखांदूरचा रस्ता तिनं कुठं पाह्यला?

डोमा : मी पाह्यला. धानाच्या बांध्यायतून नांगर हाकल्यासारखं आहे.

रंभाबाई : म्हणून तं. महिना झाला, माह्या घरात भाजीची गोष्ट कमी अन् पाट्याची जास्त. आधी कोणी पाटा म्हटला की मले वरवंटा आठवे. आता सारं समजते. चाकावर लोखंडाच्या पट्ट्या राह्यते, एकीवर एक, कमानीवानी वाकवलेल्या. पातळ अन् कमी टाकल्या तं गाडी झुलते. जाड अन् जास्त टाकल्या तं दणके देते, पण भार पेलते. बरोबर का नाई?

डोमा : बरोबर. ये मंग माह्याकडे कामाले.

रंभाबाई : ठेवशीन तं येईन. घरी तरी कोण विचारते. बरं, मी निवडले तेच पाटे बसवले ना?

डोमा : बसवले.

रंभाबाई : दाखव.

डोमा : खाली ऑइल सांडलं आहे. लुगडं खराब होईन.

रंभाबाई : याच लुगड्यानं गुडघाभर चिखलात धानाचे परे रोवते मी. सरक.

डोमा : वाकू नको बाई, कंबर धरंन. इथूनच पाह्य ना. कुंकू दिसून राहिलं का त्याच्यावर? तूच लावलेलं.

रंभाबाई : मी लावलेलं.

डोमा : हो ना. त्या दिवशी कमरेची पुडी काढली, पातळ पाट्यायले बोट लावलं, अन् म्हणली, माह्या लेकीले सांभाळा बाप्पा. बाकीचे पोट्टे हसले. मी नाई हसलो.

रंभाबाई : डोमा.

डोमा : हो.

रंभाबाई : हे कुंकू नाई.

डोमा : ऑइलनं रंग बदलते बाई.

रंभाबाई : ऑइलनं कुंकू काळं पडंन, केशरी कायले पडंन? केशरी तुह्या भिंतीवरचा मारुती आहे. त्याच्या पायाशी शेंदराची वाटी आहे, अन् त्या वाटीत कोणाचं तरी जाड बोट घातल्याची खूण आहे. बाप्या माणसाले वाटते, लाल काय अन् केशरी काय, टिळा तो टिळा. बाई माणूस अंधारात बी सांगंन.

डोमा : चहा सांगतो मी.

रंभाबाई : उभा राह्य. अन् हे पाटे बी माहे नाईत. माहे भाकरीवानी होते. हे तं रोडग्यावानी जाड आहेत. माहे कुठं आहेत?

डोमा : त्या कोपऱ्यात. पोत्याखाली.

रंभाबाई : कुंकवासकट?

डोमा : कुंकवासकट.

रंभाबाई : भाऊबीजेले मी तुले ओवाळते, डोमा. तुही माय गेली तेव्हा तुले माह्या ताटात जेवू घातलं. अन् तू मले मारुतीचा शेंदूर दाखवून फसवतं?

डोमा : मी कायले फसवू? भाऊजी दुसऱ्या दिवशी परत आले. एकटेच. म्हणाले, हे पातळ काढून ठेव, जाड टाक, ट्रकवाले टाकते तसे. मी म्हटलं, बाईनं कुंकू लावलं आहे. तं म्हणाले, यालेबी लावून टाक. तिले टिळा दिसला की पुरे.

रंभाबाई : असंच म्हणाले? तिले टिळा दिसला की पुरे?

डोमा : असंच.

रंभाबाई : पाह्य गा. एवढ्या वर्षाच्या संसारात माणूस मले ओळखते का नाई, असं वाटे. ओळखते की.

डोमा : बाई, माह्या दुकानात आलेल्या माणसानं सांगितलं ते मी करतो. गाडी त्यायची आहे.

रंभाबाई : गाडी त्यायची, बरोबर आहे. पोट्टी कोणाची? अन् हे जाड कायले पायजे त्यायले? पुष्पा किती भारी? तिच्याहून ओल्या धानाचा भारा भारी राह्यते.

डोमा : ते तू त्यायलेच विचार. ते पाह्य, आलेच.

(भैय्याजी खांद्यावर शॉकअपचं खोकं घेऊन येतात.)

भैय्याजी : अरे, तू? तू कशी काय इकडं?

रंभाबाई : एस.टी.नं. पानी तपासाले.

भैय्याजी : कसलं पानी?

रंभाबाई : काई नाई. तुमी बसा. दमले असाल. डोमा सांगत होता का हे जाड पाटे तुमी टाकाले लावले.

भैय्याजी : हां. ते सांगणारच होतो तुले. सिधी बात आहे. पातळ पाटे त्या रस्त्यावर टिकणारच नाई. एक खड्डा आला का खाडकन तुटले. मंग पोट्टी जंगलात, गाडी जंगलात. तुले चालंन का?

रंभाबाई : नाई चालणार. डोमा, पातळ तुटते का?

डोमा : नवे आहेत. एका खेपेत नाई तुटत.

भैय्याजी : तू शॉकअप बसव बे, बोलू नको. पुष्पाची माय, नुसती पुष्पा थोडीच येणार आहे? जवाई येईन, इहीणबाई येईन, तिच्या पेट्या, वळकटी. अन् इवाई रिकाम्या हातानं पाठवंन का? दोन पोते तांदूळ तं टाकंनच डिक्कीत. मी सोच-समझके केलं सगळं.

रंभाबाई : इहीणबाई येत नाई. तिची गाय व्याली आहे. अन् जवायाले सुट्टी नाई, हे तुमीच परवा सांगितलं.

भैय्याजी : बरं, नाई येत तं नाई येत. तयारी ठेवाले काय जाते?

रंभाबाई : मंग टिळा कायले लावाले लावला?

भैय्याजी : कसला टिळा?

रंभाबाई : डोमा, त्यायले वाटी दाखव.

भैय्याजी : हे पाह्य, तुले उगाच जीवाले घोर नको म्हणून. तू त्या पाट्यायले देव करून ठेवलं. मी म्हटलं, बाईचं मन राहू दे.

रंभाबाई : मन राह्यलं. अन् ती मागची शीट भितीले टेकवून कायले ठेवली आहे?

भैय्याजी : कव्हर फाटलं होतं. शिवाले काढली.

रंभाबाई : कव्हर तं चांगलं आहे. खालचा भुसा काढला आहे तिच्यातला. अन् गाडीत शिटाच्या जागी ही लाकडाची पेटी ठोकली आहे. एवढी लांब. डोमा, ही पेटी तू ठोकली?

डोमा : सुतारानं ठोकली. मी नुसती जागा करून देली.

भैय्याजी : ते... पुष्पाचे कपडे ठेवाले. बाळंतपणाचं सामान.

रंभाबाई : सामान अजून यायचं आहे. त्याच्यासाठी ट्रकचे पाटे.

भैय्याजी : तुले मोटारीतलं काई समजते का?

रंभाबाई : तुमीच शिकवलं महिनाभर. रोज रात्री जेवतानी. पातळ टाकले तं अशी येईन, जाड टाकले तं तशी येईन. मी म्हणत होती, बाप किती जीव टाकते लेकीवर. भात गार होऊन जाये माहा, ऐकता ऐकता.

भैय्याजी : मंग जीव नाई का?

रंभाबाई : पेटीत काय ठेवणार आहा?

भैय्याजी : सांगितलं ना.

रंभाबाई : डोमा, माह्या डोक्यावर हात ठेव. मले बाई म्हणतं ना? मंग ठेव, अन् सांग. पेटीत काय?

डोमा : भाऊजी, मले माफ करजा. चिरान आहे बाई. सागवानाचं चिरान. फळ्या. थोड्या पेटीत, थोड्या डिक्कीत. तिकडल्या जंगलातून. पातळ पाटे राह्यले तं गाडी मागून बसते, दुरूनच समजते का भरली आहे. जाड टाकले तं सपाट राह्यते. जंगलखात्याच्या नाक्यावरच्यानं कितीबी पाह्यलं तरी रिकामीच वाटंन.

भैय्याजी : झालं? बोलून झालं तुह्यं?

डोमा : नाई झालं. आता निघालंच आहे तं सारंच निघू द्या. बाई, मी भाऊजीले म्हटलं होतं, नाक्यावर पाटे कोण पाह्यते, ते तं सरळ शीट उचलते. तं ते म्हणाले, शिटावर सातव्या महिन्यातली बाई बसली राह्यली तं तिले उतर कोण म्हणंन?



भैय्याजी : पुष्पाची माय.

रंभाबाई : थांबा. मले एक गोष्ट जुळवू द्या. दिवाळीपासून मी म्हणून राह्यली, पोट्टीले बाळंतपणाले आपल्या घरी आणू. तुमी म्हणत होते, कायले? तिकडं दवाखाना आहे, तिकडंच होऊ दे, आपल्यानं जोखीम नाई होत. म्हणत होते का नाई?

भैय्याजी : म्हणत होतो.

रंभाबाई : मंग संक्रांतीनंतर एका दिवशी भरल्या ताटावरून तुमीच म्हणाले, आणू आपण पुष्पाले. गाडीच घेतो, मऊ पाट्याची करतो, तिच्या पोटातलं पानी हालू नाई देणार. मी उष्ट्या हातानं उठली अन् देवापुढं साखर ठेवली. दुसऱ्या दिवशी नारळ फोडला. साऱ्या आळीत वाटला, सुंदरबाईले सांगितलं, धुरपताले सांगितलं, पाहा, आमच्या घरचा माणूस लेकीसाठी मोटार घेऊन राह्यला. त्या खोबऱ्याची चव अजून तोंडात आहे माह्या.

भैय्याजी : गाडी घेतली तं तिच्यासाठीच.

रंभाबाई : तेव्हा नाक्याचं ठरलं होतं का?

भैय्याजी : तसं नाई.

रंभाबाई : हो का नाई, एवढंच सांगा.

भैय्याजी : चिरानाचे माणसं आधीच येऊन भेटले होते. पण मनात दोन्ही होतं. पोट्टी आणाची हे बी होतं. दोन कामं एका रस्त्यानं होत असतीन तं काय बिघडलं? अख्खा मुलूख करते. माह्या धानाच्या धंद्यात काई राह्यलं नाई, हे तुलेबी ठाऊक आहे. मी कोणासाठी करून राह्यलो? बारसं काय हवेत होणार आहे?

रंभाबाई : बारशाले लेकरू लागते.

भैय्याजी : अपशकुनी बोलू नको.

रंभाबाई : मी बोलली तं अपशकुन. तुमी तिले सागवानाच्या पेटीवर बसवता, तं शकुन.

भैय्याजी : पाह्य, तुले मोटारीची गोष्ट सांगतो, शांतपणे ऐक. हे जाड पाटे रिकाम्या गाडीले दणके देते, बरोबर. पण गाडी भरली का तेच पाटे दबते अन् गाडी मऊ चालते. विचार डोम्याले. म्हणजे भार राह्यला तं पुष्पाले उलट आरामच.

रंभाबाई : खरं का गा डोमा?

डोमा : खरं आहे. भरल्या गाडीत दणका कमी लागते.

रंभाबाई : म्हणजे सागवान पुष्पासाठीच भरून राह्यले तुमी. मी उगाच वाईट समजली. अन् नाक्यावर कोणी हिंमत केली, म्हटलं, बाई, जरा उतरा, तं? तिथं उन्हात, गाडीच्या बाजूले, पोट धरून उभी राहीन पुष्पा. तिच्या बसायची फळी फळी काढतीन तिच्यासमोर. डॉक्टरीणबाईनं धक्का म्हटलं ते कोणता म्हटलं, सांगा.

भैय्याजी : तसं होत नाई. बोलणं झालं आहे.

रंभाबाई : बोलणं झालं आहे तं पोट्टी कायले पायजे?

(भैय्याजी शॉकअपचं खोकं खाली ठेवतात.)

रंभाबाई : तिले ठाऊक आहे?

भैय्याजी : कोणाले?

रंभाबाई : पुष्पाले. का तिलेबी टिळाच दाखवणार होते?

भैय्याजी : तिले कायले सांगून ताप द्यायचा? बस ना आता. एकदाच करतो, पुष्पाची माय. फक्त ह्या एका वेळी. मंग तुह्या समोर हे जाड काढतो अन् पातळ बसवतो. तू म्हणशीन तं तुह्याच हातानं कुंकू लाव.

रंभाबाई : पोट्टी बी एकदाच येणार आहे.

डोमा : भाऊजी, मी पातळच बसवून देतो. आता लगेच. मजुरी नाई घेत.

भैय्याजी : तू चूप बस. इवायाले निरोप गेला आहे, इतवारी येतो म्हणून. तिकडं माल कापून ठेवला आहे. आता मागं नाई फिरता येत.

रंभाबाई : तुमी नका फिरू. तुमाले जिकडं जायचं तिकडं जा. पुष्पा येणार नाई.

भैय्याजी : तू सांगशीन अन् ते ऐकतीन? सातव्या महिन्यात माहेरी येणं रीत आहे. इहीणबाई तोंडावर विचारंन, माहेरचे न्याले आले तं पोट्टी काहून नाई जात?

रंभाबाई : मी तिथं राह्यल्यावर कोण विचारते? म्हणीन, माहेरच आलं तिच्याकडं. तिचं होईपर्यंत राहीन. तेल लावीन, शेक देईन, गाईचं बी करीन तिच्या सासूच्या. हाताले काम असलं तं इहीण बी दोन महिने चालवून घेते.

भैय्याजी : आपल्यात लेकीच्या घरचं पानी चालते का? नातू होईपर्यंत माय-बाप तिथं घोटभर पीत नाई. तुह्या मायनं नाई प्यालं, माह्या मायनं नाई प्यालं. लोक काय म्हणतीन?

रंभाबाई : रीत बरोबर ध्यानात आहे तुमच्या.

भैय्याजी : मंग?

रंभाबाई : मंग नाई पिणार त्यायच्या घरचं. गावात विहीर आहे, तळं आहे. विहीर काई इहीणबाईच्या बापानं नाई खांदली. मी माह्या हातानं शेंदीन, माहा दाणा मी रांधीन. आज तिथं पोचल्यावर रात्रीपुरतं पानी इथूनच घेऊन जाईन म्हणते.

भैय्याजी : घरी चल. गाडी नाई तं बसनं चल, पण घरी चल. शांततेनं बोलू. मी काय कसाई आहो का?

रंभाबाई : नाई. कसाई सांगून कापते.

भैय्याजी : पुष्पाले काय सांगशीन?

रंभाबाई : तिनं परवा चिठ्ठी पाठवली होती. बाबाले सांगजो, गाडी मऊ नाई झाली तरी चालंन, ते स्वतः न्याले येऊन राह्यले हेच पुरे. तिले मी सांगीन का पाटे काई जमले नाई.

भैय्याजी : एवढंच?

रंभाबाई : एवढंच. तिनं बी एक नारळ फोडला असंन. तो गोड राहू द्या.

डोमा : बाई, पाटे कोणते बसवू मंग?

रंभाबाई : मले कायले विचारतं? गाडीवाले समोर उभे आहेत. ते पोत्याखालचे तेवढे पुसून ठेव. कुंकू लागलेलं लोखंड असं कोपऱ्यात टाकू नाई.

डोमा : पुसतो. बाई, माह्यावर राग धरून जाऊ नको.

रंभाबाई : बारशाले येजो. लाखांदुरालेच ये. भाऊबीजेपर्यंत मी ठरवीन, ओवाळाचं का नाई ते. लाखांदूरची एस.टी. इथंच थांबते ना?

डोमा : इथंच, पानठेल्यासमोर. साकोलीले बदलवावं लागंन. ते काय, मोडावर हॉर्न वाजून राह्यला, तीच असंन.

भैय्याजी : पुष्पाची माय, ऐक ना. काईतरी बोल.

रंभाबाई : डोमा, तो लोटा दे. हापशीवरून भरून दे.

डोमा : हे घे. थांब, अजून भरतो, वरपर्यंत.

रंभाबाई : काठोकाठ नको भरू. एस.टी. आहे.